भंडारदऱ्यापर्यंत एका आकड्याच्या मागे

नगरला निघालो म्हटलं की आमच्या चिपळुणात लोक एकच विचारतात, शिर्डी की शिंगणापूर? माझ्या धाकट्या भावाने, मंदारने, शेजाऱ्यांना सांगितलं, "इंजिन बघायला." शेजाऱ्यांना वाटलं, रेल्वेचं.

इंजिन त्याच्या गाडीचं होतं. मंदारकडे एक जुनी, छोटी डिझेल गाडी आहे. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जायला पुरेल एवढी. तिच्यात त्याने त्याच कंपनीच्या मोठ्या गाडीचं टर्बो इंजिन बसवून घ्यायचं ठरवलं. असं काम नीट करणारा माणूस नगरला आहे, असं त्याला कुठूनसं कळलं होतं. आश्रुबा खेडकर त्यांचं नाव. काम झालं होतं, मधे मंदार एकदा नगरला जाऊन बघूनही आला होता, आरटीओची परवानगीही झाली होती, पण खेडकरांची एक अट होती. तीन दिवस गाडी सपाटीला, घाटाला आणि लांबच्या रस्त्याला स्वतः सोबत बसून चालवून बघितल्याशिवाय ते चावी देत नसत.

दिवाळीची सुट्टी होती. मी म्हटलं, मीही येते. मंदारने तीनदा सांगितलं, ताई, तुला उगाच त्रास होईल. त्याच वेळी मी थांबून विचार करायला हवा होता. पण संशय घ्यायचा तर परक्या माणसाचा घ्यायचा, अशी आपली रीत असते. माझा सगळा संशय नगरकडे लागला होता.

मी आयटीआयमध्ये इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकचा ट्रेड शिकवते. तापमान, दाब, प्रवाह मोजणारी यंत्रं कशी लावायची आणि ती खरं सांगतायत की नाही हे कसं तपासायचं, हेच माझं काम. म्हणून या सगळ्या उद्योगाला मी एकच अट घातली होती: धुराचं तापमान दाखवणारं मीटर बसलं पाहिजे. इंजिनात डिझेल जास्त सोडलं की ओढ वाढते, आणि बाहेर पडणारा धूरही जास्त तापतो. मर्यादेपलीकडे, साधारण सातशे अंशांच्या पुढे, तापत राहिला की आतले पिस्टन वितळायला लागतात. बाहेरून काही कळत नाही, गाडी उलट जोरात पळते. म्हणून धुराच्या नळीत प्रोब, म्हणजे तापमान ओळखणारी सळई, बसवायचा आणि आकड्यावर डोळा ठेवायचा. मंदारने मीटर घेतलं. खेडकरांनी ते लावलं, एवढंच मला माहीत होतं.

नगर

बसस्टँडवर पाट्या अहिल्यानगरच्या आणि कंडक्टरांच्या तोंडी नगर. सकाळी आठची हवा कोरडी, ओठ ताणून धरणारी. आमच्याकडे गॅरेज म्हणजे वर ताडपत्री, खाली चिखल आणि कडेला गंजून लाल झालेले दरवाजे. इथे गंज म्हणून कुठे नव्हता. होती ती धूळ, पिठासारखी बारीक, आणि खेडकरांच्या गॅरेजात तीही सकाळीच झाडून काढलेली. नट आवळायचे पाने आकारानुसार भिंतीवर टांगलेले. एवढी टापटीप बघून मला आधी बरं वाटलं आणि मग वाटलं, ही आपल्यासाठीच केली असेल का?

खेडकर पन्नाशी ओलांडलेले, बुटके, खाकी शर्ट, चष्मा दोरीने गळ्यात. मूळचे पाथर्डीचे. पूर्वी पाथर्डी-नगर रस्त्यावर प्रवासी भरून नेणारी वडाप जीप चालवायचे, ती दुरुस्त करता करता मेकॅनिक झाले.

"या. च्या घेनार का आधी गाडी बघनार?"

"गाडी," मी म्हटलं. तरी चहा आलाच.

बॉनेट उघडलं. एवढ्याशा जागेत ते मोठं इंजिन असं बसवलं होतं की शेजारी हात घालायलाही वाव नव्हता. धुराची नळी जिथे इंजिनातून निघते तो भाग पत्र्याने पूर्ण झाकलेला होता आणि त्याचे स्क्रू नवेकोरे होते. प्रोब नेमका तिथेच असायला हवा होता.

"हे का झाकलंय?"

"गरमी लई असती मॅडम. वायरी वितळत्यात."

कारण पटण्यासारखं होतं. पण प्रोब टर्बोच्या, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्याच्या, आधी बसवायचा सोडून नंतर बसवला तर आकडा शंभर-दीडशे अंशांनी कमी दिसतो, आणि गिऱ्हाईक खूश होतं. तेही पत्र्याखाली छान झाकलं जातं.

"पत्रा काढून दाखवता?"

खेडकरांनी माझ्याकडे चष्म्यावरून बघितलं. "आता न्हाई. निघायचंय." मग थोडं थांबून, "तुमी मीटरचंच शिकिवता नव्हं?"

"हो."

"हं," ते म्हणाले.

तो 'हं' मला अजिबात आवडला नाही.

करंजी घाट, पाथर्डी

मंदार चालवत होता, खेडकर त्याच्या शेजारी, मी मागे. पाथर्डीच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना ज्वारी गुडघ्याएवढी, तिच्यामागे उघड्या टेकड्या. आमच्याकडे डोंगर अंगावर येतो. इथे तो लांब बसून तुमच्याकडे बघत राहतो. समोरून ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टर येत होते. एकेकाला दोन-दोन ट्रॉल्या, त्यांत संसार, वर शेळ्या आणि माणसं, चेहरे टॉवेलने बांधलेले.

करंजी घाट चढायला लागल्यावर मंदारने पाय दाबला आणि त्या छोट्या गाडीने अशी उसळी घेतली की माझं डोकं मागे आपटलं. मंदार हसला. तसा हसताना मी त्याला शाळेत असताना बघितलं होतं. डॅशबोर्डवरच्या अंगठ्याएवढ्या मीटरवर लाल आकडे चढत गेले. चारशे, पाचशे, पाचशे साठ. तिथे थांबले.

मी वहीत लिहून घेतलं. आम्ही तिघं, असा चढ, एवढा जोर. माझ्या अंदाजाने आकडा साडेसहाशेच्या पुढे जायला हवा होता.

खेडकर आकड्याकडे बघतच नव्हते. त्यांनी काच खाली करून डोकं बाहेर काढलं होतं आणि ते वास घेत होते. घाटमाथ्यावर मंदार गाडी बंद करायला लागला, तसा त्यांनी त्याचा हात धरला.

"राहू द्या चालू. दोन-तीन मिनटं."

हे बरोबरच होतं, टर्बो गार व्हायला वेळ द्यावा लागतो. पण तेवढ्या वेळात ते खाली उतरून बॉनेटवर तळहात धरून उभे राहिले, आणि मी उतरून जवळ गेले तसे बाजूला सरकून माझ्या आणि गाडीच्या मधे आले.

पाथर्डीला त्यांच्या घरी जेवण होतं. पत्र्याचं घर, पुढे कडुनिंब. त्यांच्या पत्नी मथुराबाईंनी हुलग्याचे शेंगोळे केले होते. हुलग्याच्या, म्हणजे आमच्याकडच्या कुळथाच्या, पिठाची बोटाएवढी वळकटी, लसणाच्या तिखट रश्शात शिजवलेली. सोबत बाजरीची भाकरी, आणि ठेचा असा की माझ्या नाकातून पाणी आलं. आमच्याकडे पाहुण्याला 'घ्या अजून' एकदा म्हणतात आणि त्याने नको म्हटलं की पातेल्यावर झाकण पडतं. मथुराबाई विचारतच नव्हत्या, सरळ वाढत होत्या.

जेवता जेवता मी विचारलं, "इंजिन कुठलं आहे हे?"

"शिरूरकडच्या गाडीचं. मागनं ट्रकनं ठोकली हुती. इंजिनाला काय न्हाई झालं."

"कागद आहेत?"

भाकरी तशीच ठेवून ते उठले आणि प्लास्टिकची फाईल घेऊन आले. सगळं होतं. मूळ गाडी मोडीत काढल्याचा दाखला, आरटीओची परवानगी, नव्या इंजिनाचा नंबर चढवलेलं आरसी. तरी माझं समाधान होईना. हात धुऊन मी अंगणात गेले, इंजिनावर कोरलेल्या नंबरावर कागद धरला आणि पेन्सिल घासून ठसा घेतला.

खेडकर दारात हाताची घडी घालून उभे होते. "घ्या की. आरटीओनं बी घेतला, तुमी बी घ्या."

आतून मथुराबाईंचा आवाज आला, "पावनी जेवायला आलीय का तपासायला?"

नंबर जुळला, एक-एक आकडा. मी ओशाळले, पण मनात म्हटलं, इंजिन चोरीचं नाही एवढंच ठरलं. मीटरचं काय?

पारनेर

नगरच्या लॉजवर रात्र काढून दुसऱ्या दिवशी भंडारदऱ्याच्या मुक्कामाला निघालो आणि वाटेत पारनेरला चहाला थांबलो. बाजाराचा दिवस होता. मेथीच्या जुड्या, कांद्याचं रोप आणि माणसांचा गलका. इथे अनोळखी माणूसही 'राम राम' घालून 'कुठलं गाव?' विचारतो. चिपळूण म्हटल्यावर एका म्हाताऱ्याने सांगितलं, "लांबून आलासा. तिकडं पाऊस लई, म्हनत्यात." मी म्हटलं, नको इतका. तो बराच वेळ माझ्याकडे हेव्याने बघत राहिला.

मंदार वडापावच्या गाडीकडे गेला. खेडकर फोन घेऊन टपरीच्या मागे गेले. मी पेले परत द्यायच्या निमित्ताने तिकडून गेले. ते पाठमोरे होते.

"उस्ताद, आकडा येगळा आन वास येगळा. ... न्हाई, न्हाई. बाईला कळू द्यायचं न्हाई. मुक्कामाला गेल्याव मी बघतो खोलून."

म्हणजे आकडा खोटा आहे हे या माणसाला माहीत होतं, आणि ते माझ्यापासूनच लपवायचं होतं. मला मंदारचा राग आला. चार लोकांत गाडीचं कौतुक व्हावं म्हणून हा कुणाच्याही हवाली होतो. घाटात इंजिनाने प्राण सोडला आणि मागून ट्रक आला, तर?

दोघंही दूर होते. मी बॉनेट उचललं. ओढणी गळ्यात गुंडाळली, पर्समधला स्क्रू ड्रायव्हर काढला आणि पत्र्याचे दोन स्क्रू सैल करून आत डोकावले. प्रोब दिसला. टर्बोच्या आधी, नळीच्या मधोमध, जिथे असायला हवा अगदी तिथेच. बसवलाही इतका सफाईने होता की मी माझ्या वर्गातल्या मुलांना पूर्ण गुण दिले असते. मी आणखी वाकले, आणि चर्रर्र आवाज आला. ओढणीचं टोक नळीला लागलं होतं. ते झटकताना बोटही लागलं.

"काय शोधताय मॅडम?"

खेडकर मागे उभे होते.

"कानातलं पडलं," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या दोन्ही कानांकडे बघितलं. दोन्ही कानांत दोन्ही कुड्या होत्या. त्यांनी खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला, सैल केलेले दोन्ही स्क्रू घट्ट केले, बॉनेट लावलं. मग टपरीवरून बर्फाचा तुकडा मागून आणला आणि माझ्यासमोर धरला.

"बोटावर धरा."

त्यानंतर संगमनेरच्या अलीकडे चंदनापुरीच्या घाटात मी मागून आकड्याकडे बघत होते, आणि खेडकर आरशातून माझ्याकडे. मंदार मात्र मजेत होता. गाणी गुणगुणत होता. मला तेव्हा वाटलं, याचं बरं आहे, याला कशाची शंकाच येत नाही.

राजूरच्या पुढे

अकोले मागे पडलं आणि मुलूख बदलला. उघडे माळ संपले, झाडी आली, भाताची खाचरं आली. कापणी होऊन भाऱ्यांच्या उडव्या रचलेल्या होत्या. खिडकीतून ओल्या मातीचा आणि पेंढ्याचा वास आला आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मला आपल्या गावात असल्यासारखं वाटलं. डोंगरांचे कडे सरळ तुटलेले, त्यांच्या पायाशी कौलारू घरं. दिवस मावळत होता.

राजूर सोडून घाट लागला. पुढे रस्ता मोकळा होता आणि मंदारने पूर्ण जोर दिला. गाडी ओरडत चढायला लागली. पाचशे सत्तर. पाचशे नव्वद. सहाशे. मागच्या काचेतून बघितलं तर काळा धूर. सहाशे दहा.

"सोडा पाय!" खेडकर ओरडले.

"सातशेच्या आत आहे अजून."

"आकडा जाऊ द्या खड्ड्यात! पाय सोडा!"

असा आवाज त्यांनी आधी काढला नव्हता. मंदारने पाय काढला. खेडकरांनी गाडी कडेला घ्यायला लावली, चालूच ठेवायला सांगितली, खाली उडी मारून बॉनेट उघडलं आणि जाड हातमोजे घालून पत्रा उचकटून काढला.

संधिप्रकाशात धुराची ती नळी लाल झालेली होती. निखारा फुंकल्यावर होतो तशी, आतून लाल. ती उष्णता चार पावलांवर तोंडाला लागत होती.

मीही उतरून त्यांच्या शेजारी येऊन बघत राहिले. माझ्या डोक्यात आकडे फिरत होते. आतला धूर सहाशे दहा अंशांचा असेल तर त्याची नळी अशी लाल होऊच शकत नाही. आतला धूर आठशेच्या आसपास असला पाहिजे. प्रोब जागेवर होता, तो मी डोळ्यांनी बघितला होता. म्हणजे खोट मीटरमध्येच होती.

मी खेडकरांकडे वळले. "मीटर असं का सेट केलंत तुम्ही?"

"मी?" ते इतक्या जोरात म्हणाले की त्यांचा चष्मा गळ्यात हलला. "मी केलं? तुमी केलं की!"

"मी तर ते मीटर कालच पहिल्यांदा बघितलं."

"खोटं नका बोलू मॅडम. सकाळी बी कानातलं म्हनला."

ते पुढे म्हणाले, "माझ्याकडं मीटर आधी बरोबर चालायचं. करंजीच्या घाटात सहाशे ऐंशी दाखवायचं. मी म्हनलो, हितनं फुडं डिझेल वाढवायचा पंपाचा स्क्रू फिरवायचा न्हाई, इंजिन मरंल. मंग म्हनं मीटर चुकीचं हुतं, ताईनं फोनवरनं सांगून बरोबर करून घेतलंय. ताई म्हंजी तुमी. मीटरचं शिकिवता तुमी. मी कोन तुमच्यावर शंका घेनारा? आकडा आला पाचशे ईस. मी स्क्रू अर्धा फेरा आनखी फिरवला. तवापासनं मला झोप न्हाई. वास जळका, धूर काळा, आन आकडा गार. मला वाटलं, या बाईनं मुद्दाम केलंय. भावाला गाडी जोरात पायजे, आन इंजिन गेलं तर खापर माझ्यावर."

मी हळूच विचारलं, "ताईने सांगितलंय, हे तुम्हाला कोण म्हणालं?"

खेडकरांनी गाडीकडे बघितलं. मंदार गाडीत बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"मला काय माहीत?" तो म्हणाला. "ऑनलाइन घेतलेलं मीटर आहे. खराब निघालं असेल."

नळीचा लाल रंग हळूहळू काळा होत गेला. पुढे भंडारदऱ्यापर्यंत खेडकरांनी गाडी चालवली, तिसऱ्या गिअरच्या वर न जाता.

भंडारदरा

मुक्काम ठकूबाईंच्या घरी होता. धरणाच्या अलीकडे, शेंडी गावाबाहेर, दोन खोल्या त्या पाहुण्यांना देतात. रात्री काळभात आणि नाचणीची भाकरी होती. एरवी त्या भाताच्या वासावर मी दोन पानं लिहिली असती. त्या रात्री तिघांनीही पानात बघून जेवण उरकलं.

सकाळी इंजिन पूर्ण गार झाल्यावर खेडकरांनी प्रोब सोडवला. मी ठकूबाईंकडे पातेलंभर पाणी उकळायला मागितलं. चूल ओसरीलाच होती. गाडी तिच्याजवळ आणली, म्हणजे वायर पुरेल. धरणावर धुकं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता.

खेडकर माझ्या शेजारी उकिडवे बसले. मी त्यांना सांगितलं, "पाणी उकळलं की इथल्या उंचीवर सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव अंश असतं. मीटरने तेच दाखवलं पाहिजे."

पाण्याला खळखळून उकळी आली. मी प्रोब आत धरला. मीटरवर आकडा चढला आणि थांबला. एक्क्याऐंशी.

"बोगस मीटर आहे," मंदार मागून म्हणाला.

"मीटर बिघडलेलं नाही," मी म्हटलं. आता मला दिसत होतं, आणि दोन दिवस का दिसलं नाही याची लाज वाटत होती. प्रोब म्हणजे दोन वेगवेगळ्या धातूंच्या तारा, टोकाला जोडलेल्या. टोक तापलं की अगदी बारीक वीज तयार होते, आणि मीटर तिच्यावरून अंश काढतं. पण धातूंच्या जोड्या निरनिराळ्या असतात, आणि कोणती जोडी आहे ते मीटरला सांगून ठेवावं लागतं. आमचा प्रोब 'के' जातीचा होता. मीटरला तो 'जे' जातीचा आहे असं सांगून ठेवलेलं असलं तर मीटर प्रामाणिकपणे चुकीचा आकडा दाखवणार, आणि तापमान जितकं जास्त तितकी चूक मोठी. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हे शिकवते. पण मी मीटर तपासायचं सोडून माणूस तपासत बसले होते.

"हे बदलायचं कसं, ते माहितीपत्रकात असेल," मी म्हटलं आणि फोनवर शोधायला लागले. तिथे रेंज येत-जात होती. पान उघडेना. ठकूबाईंनी चुलीत आणखी एक लाकूड सारलं.

"दे इकडे," मंदार म्हणाला. तो गाडीत वाकला. एक बटण दाबून धरलं, दुसरं दोनदा दाबलं, पुन्हा पहिलं. मीटरवर 'जे' चमकलं, मग 'के' झालं. आकडा उडी मारून सत्त्याण्णववर गेला.

सगळं मिळून चार-पाच सेकंद लागले असतील. माहितीपत्रक नाही, विचारणं नाही, अडखळणं नाही.

आपण काय केलं हे त्याला त्या क्षणी कळलं की नाही, मला आजही सांगता येणार नाही. कदाचित त्याला तसं सांगून टाकणंच सोपं वाटलं असेल. तो सरळ झाला आणि आमच्याकडे बघायचं टाळून धुक्याकडे बघत राहिला. खेडकर उठले. मला वाटलं, ते आता ओरडतील. ते फक्त म्हणाले, "मी जेवायला गेल्तो तवा केलं ना?"

मंदारने मान हलवली.

"ताईचं नाव घेतलं नसतं तर मी ऐकलं नसतं. व्हय का न्हाई?"

"हो," मंदार म्हणाला. "म्हणूनच घेतलं."

मग तो माझ्याकडे वळला. "सगळे उगाच घाबरवतात असं वाटलं गं. सहाशे ऐंशीला काय होतंय? थोडी ओढ अजून हवी होती, बस. तुझं नाव घेतलं की कुणी पुढे विचारत नाही."

मी इतकी वर्षं ज्या कामावर नाव कमावलं ते असं वापरलं गेलं होतं, आणि तो मला ते कौतुकासारखं सांगत होता. मी काहीतरी बोलले असेन. शब्द आठवत नाहीत. एवढं आठवतं की आदल्या संध्याकाळी घाटात इंजिन गेलं असतं तर आम्ही खेडकरांच्या दारात जाऊन भांडलो असतो. मंदार गप्प उभा राहिला असता आणि भांडले मी असते. पुराव्यांसकट. माझ्या वहीत सगळं लिहिलेलं होतं.

मी खेडकरांची माफी मागितली. पत्रा सैल केल्याची, कानातल्याची, पाथर्डीच्या अंगणातली.

"मी बी तुमाला लई बोललो मनातल्या मनात," ते म्हणाले. "फोनवर तर ज्यांच्याकडं इंजिन शिकलो त्या उस्तादला म्हनलो, या बाईच्या नजरंआड बघाय पायजे."

"ऐकलं मी ते."

"ऐकलं?" ते हसले. तीन दिवसांत पहिल्यांदा हसले.

त्यांनी पंपाचा स्क्रू उलटा फिरवला, अर्धा फेरा आणि वर थोडा. प्रोब जागेवर बसवला. पण चावी दिली नाही. "इंजिनाचं हेड खोलून बघितल्याबिगर गाडी देनार न्हाई. आत काय झालंय ते आता डोळ्यानंच बघाय पायजे. तुमी एष्टीनं जा."

संगमनेरच्या स्टँडवर त्यांनी आम्हाला सोडलं. बस लागलेली होती. मंदार पिशव्या घेऊन पुढे गेला. खेडकरांनी गॅरेजच्या बिलबुकातला कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे धरलं.

"लिहून द्या. प्रोब कुठल्या जातीचा, मीटरला काय सांगायचं, आन उकळत्या पान्यात किती दिसाय पायजे. खाली सही. फुडं कुनी तुमचं नाव सांगत आलं, तर मी हा कागद बघीन."

मी बसच्या पायरीवर कागद ठेवून लिहिलं. त्यांनी तो वाचला. मग सही किती नीट आहे तेही बघितलं. मला राग आला नाही.

चिपळूण

आठवड्याने त्यांचा फोटो आला. टेबलावर फडकं, फडक्यावर पिस्टन, आणि त्याच्या काठावर तांदळाच्या दाण्याएवढा खळगा. धातू वितळून परत गोठलेला, कडा गुळगुळीत झालेल्या. खाली त्यांनी लिहिलं होतं: 'दुसऱ्या नंबरचा. बाकीचे तीन चांगले. आणखी एक घाट चढला असता तर संपलं होतं. पिस्टन नवा टाकतोय. तुम्ही येऊन बघून जा, मग हेड लावतो.'

मी फोन मंदारसमोर धरला. त्याने फोटो बोटांनी मोठा केला, इकडून तिकडून सरकवला. मला वाटलं, आता त्याला उमगलं. मग त्याने विचारलं, "हा आपल्याच इंजिनाचा पिस्टन आहे कशावरून?"

मी फोन परत घेतला. आणि लपवत नाही, मीही तो फोटो एकदा मोठा करून बघितला. मागे भिंतीवर पाने टांगलेले दिसत होते, आकारानुसार. कोपऱ्यात खेडकरांचा अंगठा आला होता. बाकी काही कळण्यासारखं नव्हतं.

"बॅग भर," मी मंदारला म्हटलं. "या वेळी एकटा जा. त्यांच्यासमोर उभा राहा आणि हाच प्रश्न त्यांना विचार."

तो गेला. तीन दिवसांनी परत आला. काय विचारलं आणि काय उत्तर मिळालं, ते त्याने मला सांगितलेलं नाही, आणि मी खेडकरांना फोन करून त्याची खातरजमा केलेली नाही.